‘माझ्यासमोर तो मान वर करून बोलत नाही’

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. मुलगा बारावी सायन्सला, दहावीला ८७ टक्के. लहानपणापासून पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळतो, मी कधी अडवलं नाही. गेल्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, खेळ थांबला. आता त्याला फुटबॉलचा कोच व्हायचंय, असं त्यानं आईला सांगितलं आणि आईनं मला. गुस हिडिंक नावाच्या कुणा डच कोचचे व्हिडिओ बघत बसतो. ज्याला स्वतःला पुढं जाता आलं नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार? तरीही मी दोन वर्षं द्यायला तयार आहे. दोन वर्षांत लायसन्स आणि पगाराची नोकरी, नाहीतर गुमान फाउंड्रीत यायचं. कृपया वर्षवार तक्ता द्यावा. मुलगा गुणी आहे, संस्कार चांगले आहेत. माझ्यासमोर तो मान वर करून बोलत नाही.

उत्तर :

नमस्कार. तक्ता मी देणार नाही, का ते पुढं येईलच. तुमचं पत्र दोनदा वाचलं. टक्के चांगले आहेत, गुडघ्याचं डॉक्टर बघतील. मी अडकले ती शेवटच्या ओळीपाशी. तुम्ही ती कौतुकानं लिहिलीत, मला मात्र अख्ख्या पत्रात त्याच ओळीनं घोर लावला. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आयुष्यात काय करायचं ते ठरवतो आणि ते बापाच्या कानावर आईमार्फत येतं. तुम्ही त्यावर निकाल देता, तोही बहुतेक आईमार्फतच परत जात असेल. आणि या मुलाला जे काम करायचंय त्यात दिवसभर बोलावं लागतं. वयानं मोठ्या माणसाला ‘तुमचं चुकतंय’ असं तोंडावर सांगावं लागतं. घरी ज्याची मान वर होत नाही, तो मैदानावर कुणाला काय सांगणार?

तुमच्या मुलानं नेमका हिडिंक निवडलाय, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते. (डच लोक नाव घशातून ‘ख्यूस’ असं काहीसं उच्चारतात. आपण गुसच म्हणू.) २००१च्या सुरुवातीला तो दक्षिण कोरियाच्या संघाचा कोच झाला. पुढच्याच वर्षीचा वर्ल्ड कप कोरिया आणि जपानमध्ये होता. कोरिया त्याआधी पाच वर्ल्ड कप खेळून आला होता आणि त्यात एकही सामना जिंकलेला नव्हता. घरच्या मैदानावर अब्रू जाईल, ही सगळ्यांना धास्ती.

तिथं सगळ्यांचं एक ठाम मत होतं : आमची पोरं पळायला वाघ आहेत, मेहनतीला तोड नाही, फक्त चेंडूवरचं कौशल्य कमी पडतं. हिडिंकनं बरोबर उलटं निदान केलं. तो म्हणाला, कौशल्य बरं आहे, दोन्ही पायांनी खेळतात. कमी पडतो तो दम, आणि दुसरं म्हणजे ही मुलं मैदानात एकमेकांशी बोलत नाहीत. पहिल्यासाठी त्यानं खास फिटनेस ट्रेनर लावला. दुसरं दुखणं जास्त खोल होतं.

कोरियन भाषेत वडीलधाऱ्याशी बोलताना क्रियापदच बदलतं. आपल्या ‘ये’ आणि ‘या’सारखंच, पण त्याहून कडक. वयानं मोठ्याला नावानं हाक मारायची नाही, ‘ह्योंग’, म्हणजे दादा म्हणायचं. जेवायला मोठे एकीकडे, धाकटे दुसरीकडे. हे घरात शोभतं. मैदानात मात्र समोरचा खेळाडू पाठीमागून चेंडूवर येत असतो आणि ‘मागं बघ!’ एवढं ओरडायला अर्धा सेकंद असतो. ‘दादा, जरा मागं बघता का’ म्हणेपर्यंत गोल झालेला असतो. शिवाय चूक मोठ्याची असली तर धाकटा गप्पच. हिडिंकनं फर्मान काढलं : मैदानावर सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची, आणि जेवायला मिसळून बसायचं. कर्णधार होंग म्युंग-बो तिशी ओलांडलेला, चौथा वर्ल्ड कप खेळणारा, सगळ्यांना वचक असलेला माणूस. किस्सा असा सांगतात की एका तरुण खेळाडूनं धीर करून त्यालाच हाक मारली, ‘म्युंग-बो, चल जेवायला.’ क्षणभर शांतता, मग हशा.

त्या हाकेनं होंगचा मान गेला नाही. तो शेवटपर्यंत कर्णधारच होता. हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय.

आता ‘ज्याला स्वतःला पुढं जाता आलं नाही, तो काय शिकवणार’. हा समज निम्म्या महाराष्ट्राचा आहे, त्यामुळे एकट्या तुम्हाला दोष देत नाही. पण तो चूक आहे. हिडिंक हॉलंडच्या राष्ट्रीय संघाकडून एकदाही खेळला नाही. जर्मनीच्या सीमेजवळचं वार्सेफेल्ड हे त्याचं गाव, वडील शाळामास्तर. खेळला तो बहुतेक काळ डूटिनखेमच्या डे ग्राफस्काप या छोट्या क्लबकडून. मधे पीएसव्हीसारख्या मोठ्या क्लबात गेला आणि दोन वर्षांत परतला. खेळत असतानाच तो वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत होता. जी मुलं एका जागी बसत नाहीत, अंगावर धावून येतात, त्यांच्याकडून काहीतरी करून घ्यायचं. पुढं कोट्यवधींच्या तारांकित खेळाडूंना त्यानं जे सांभाळलं, त्याचं शिक्षण मला या शाळेत दिसतं. डच कोचमध्ये हा धागा वारंवार सापडतो. १९७४चा हॉलंडचा संघ घडवणारे रिनस मिखेल्स व्यायामशिक्षक होते, लुई व्हान खालही. आपल्याकडे पीटीचे सर म्हटलं की पालकसभेत कुणी ढुंकून बघत नाही, हा आपला करंटेपणा. खेळाडू स्वतःचं शरीर ओळखतो. कोचला दुसऱ्याचं ओळखावं लागतं, त्याचा राग आणि त्याची भीतीसुद्धा. ही दोन वेगळी कामं आहेत. उत्तम मोल्डर हा उत्तम सुपरवायझर होतोच का, हे तुमच्या फाउंड्रीत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

राहिली दोन वर्षांची मुदत. हिडिंक १९८२मध्ये खेळ थांबवून त्याच छोट्या क्लबात सहायक झाला, मग पीएसव्हीत सहायक. मुख्य कोच झाला १९८७ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी पीएसव्हीनं लीग, देशाचा कप आणि युरोपियन कप, तिन्ही जिंकले. गंमत म्हणजे त्या युरोपियन कपात उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंतच्या पाच सामन्यांत पीएसव्हीनं एकही जिंकला नव्हता. पाचही बरोबरीत सुटले. बोर्दो आणि रेआल माद्रिदला त्यांनी दुसऱ्याच्या मैदानावर केलेल्या गोलाच्या जोरावर मागं टाकलं (दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली की तेव्हा असा गोल जास्त मोलाचा धरत) आणि बेनफिकाला पेनल्टींवर. टक्क्यांच्या चष्म्यातून बघितलं तर ही गुणपत्रिका नापासाची आहे.

कोरियातही तेच. मे २००१मध्ये फ्रान्सकडून ०-५, ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकाकडून पुन्हा ०-५. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याचं नावच ‘पाच-शून्य’ ठेवलं. तुमच्यासारखा हिशेब ठेवणारा माणूस फेडरेशनवर असता तर हिडिंक सप्टेंबरात विमानात बसला असता. त्यांनी त्याला ठेवलं. पुढच्या जूनमध्ये बुसानला पोलंडवर २-० असा वर्ल्ड कपमधला पहिला विजय, मग पोर्तुगाल, इटली, स्पेन, आणि उपांत्य फेरीत जर्मनीकडून ०-१. वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत पोचलेला आशियातला तो पहिला संघ. इटली आणि स्पेनच्या सामन्यांतल्या पंचगिरीवर आजही वाद होतात, तेही खोटं नाही. पण ग्वांगजूच्या स्टेडियमला लोकांनी हिडिंकचं नाव दिलं.

आणि मुदत तर कोरियालाही होती, दीड वर्षाचीच. पण त्यांनी मुदतीबरोबर बाकीचंही दिलं. लीगमधल्या क्लबांनी खेळाडू महिनोन्‌महिने शिबिरासाठी मोकळे सोडले, सरावाचे दौरे झाले, हवी ती माणसं मिळाली. तुम्ही मुलाला फक्त तारीख दिलीय. त्याच्या सरावाचा एक तास तरी कधी बघितलाय का, हे पत्रात कुठं दिसलं नाही.

रस्ता तुम्हाला हवाच असेल तर तो एका ओळीचा आहे : बारावी पूर्ण करायची, पदवी घ्यायची, सोबत ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनची लायसन्सं खालून वर डी, सी, बी, ए अशी चढायची. शाळेतली नोकरी हवी तर पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमा. वयाच्या अटी आणि फी अर्ज भरताना ताज्या बघा. दोन वर्षांत यातली पहिली पायरी होईल, पगाराची नोकरी होईलच असं नाही. सुरुवातीला शाळांत तासावर मिळणारं मानधन असतं, त्यात गाडीचं पेट्रोल निघालं तर नशीब. हे कटू आहे पण खरं आहे. खालिद जमील २००९मध्ये मुंबई एफसीचा कोच झाला, तळातल्या क्लबाला वर्षानुवर्षं तगवत राहिला, २०१७मध्ये मिझोरामच्या ऐजॉलला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकून दिली आणि भारताच्या संघाची सूत्रं त्याच्या हाती आली ती २०२५मध्ये. सोळा वर्षं. तुमच्या तक्त्यात किती रकाने होते?

पुढचा मजकूर मुलासाठी आहे. तुम्ही वाचणारच, वाचा, पण नंतर फोन त्याच्या हातात द्या.

बाळा, तू हिडिंकचे २००२चे व्हिडिओ बघतोस, २००५च्या ऑस्ट्रेलियाचेही बघितले असशील. उरुग्वेविरुद्धच्या पेनल्टी, बत्तीस वर्षांनी वर्ल्ड कप. आता मी सांगते ते शोध. १९९८च्या डिसेंबरात रेआल माद्रिदला इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकून दिला आणि फेब्रुवारीत त्याला काढलं. त्यानंतर स्पेनमधल्याच बेटिस क्लबात काही महिनेच टिकला. रशियाला २००८च्या युरोत उपांत्य फेरीपर्यंत नेलं, तेही स्वतःच्या हॉलंडला हरवून, आणि पुढच्याच वर्षी स्लोव्हेनियाकडून हरून त्याच रशियाचा वर्ल्ड कप हुकला. तुर्कस्तानात अपयश. २०१४मध्ये हॉलंडनं पुन्हा बोलावलं, वर्षही भरलं नाही. चीननं युवा संघावरून काढलं. करचुकवेगिरीसाठी डच कोर्टानं त्याला शिक्षाही ठोठावली होती, २००७मध्ये. देव वगैरे मानू नकोस. कोचिंगमध्ये काढून टाकलं जाणं हा नोकरीचाच भाग असतो, ते तुला झेपेल का याचा विचार कर.

दुसरा प्रश्न जरा बोचणारा आहे. गुडघा धड असता तर तुला कोच व्हायचं होतं का? खेळ सुटला म्हणून मैदानाच्या कडेला तरी उभं राहावं, एवढ्यासाठीच हे असेल तर आत्ताच ओळख. त्यात लाज काही नाही, पण त्या दुःखावर औषध म्हणून दहा वर्षांच्या पोरांना वापरायचं नाही. खेळायला परत उतरता येईल का, हेही डॉक्टरांना तू स्वतः विचारलंस का? की तिथंही आईच बोलली?

तपासून बघायचा मार्ग सोपा आहे. परीक्षा संपली की तालमीच्या किंवा शाळेच्या बारा-पंधरा लहान मुलांचा एक गट घे आणि सुट्टीभर रोज सकाळी शिकव. सगळ्यात चांगला खेळणारा नको बघूस, तो तुझ्याशिवायही शिकेल. जो चेंडूला घाबरतो आणि तिसऱ्या दिवशी यायचं बंद करतो, त्याच्या घरी जाऊन त्याला परत आणता येतं का बघ. वहीत रोज चार ओळी लिही. वहीत शेवटपर्यंत त्या मुलांबद्दल लिहिलेलं असेल तर तुझ्यात कोच आहे. नुसत्या फॉर्मेशनच्या आकृत्या असतील तर तुला फुटबॉल आवडतो, एवढंच म्हणेन. त्यासाठी शाहू स्टेडियमवरची रविवारची गर्दी आहेच की.

आता पुन्हा तुम्ही. त्या सुट्टीत एका सकाळी, न सांगता, मैदानावर जा. गोलपोस्टच्या मागं उभे राहा. सूचना द्यायची नाही, घड्याळ बघायचं नाही, फाउंड्रीतला फोन घ्यायचा नाही. तासभर बघा. घरी आल्यावर त्याला एकच विचारा, ‘तो निळ्या शर्टातला पोरगा सारखा मागंच का राहतो रे?’ आणि तो बोलायला लागला की मधे बोलू नका. मान वर करून बोलला तर त्याला उद्धट म्हणू नका.

मला पुढचं पत्र त्याच्याकडून हवंय, त्याच्या मेलवरून. पाठवण्याआधी वाचायला मागू नका.