बिबट्या दिसला, आता वाचू काय?

प्रश्न : ताई, आम्ही येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाला लागूनच राहतो. मागच्या महिन्यात सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि ग्रुपवर जे काही सुरू झालंय ते विचारूच नका, पिंजरा लावा, लांब कुठेतरी नेऊन सोडा, एक काका तर म्हणे गोळीच घाला. माझा तेरा वर्षांचा मुलगा मात्र रोज रात्री खिडकीत बसून त्याची वाट बघतो. आम्हा दोघांना वाचता येईल असं माणूस आणि रानातल्या प्राण्यांबद्दलचं काहीतरी सुचवा ना, फक्त शाळेच्या निबंधासारखं नको.
– एक आई, ठाणे

उत्तर : अहो, तुमच्या पोराचं बरोबर चाललंय, काकांचं बघू नंतर.

सुरुवात मारुती चितमपल्लींच्या ‘रानवाटा’पासून करा. वनखात्यातली नोकरी, आयुष्य जंगलात गेलेलं, त्यामुळे हा माणूस दोन दिवस सफारीला गेलेल्या पाहुण्यासारखा लिहीत नाही. आणि शब्द काय एकेक! बगळे जिथे घोळक्याने घरटी करतात त्याला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. एवढे दोन शब्द मुलाला द्या आणि पावसाळ्यात ठाण्यात असं झाड शोधायला लावा, मोबाईल आपोआप बाजूला राहील (निदान तासभर).

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ मात्र आधी तुम्ही वाचा. छोटंसंच आहे, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. नावावरून राजकारण वाटेल, पण आहे वानरांच्या टोळ्यांचं, बाहेरचा नर येतो, टोळी ताब्यात घेतो, पिल्लंसुद्धा मारतो, आणि माडगूळकर ना गळा काढत ना वानराला शिव्या घालत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी चिडले की दोन दिवस पुस्तक उघडलंच नाही, मग लक्षात आलं की आपल्याला प्राणी गोड हवे असतात, नाहीतर मग डायरेक्ट राक्षस. तुमच्या ग्रुपवर तेच चाललंय.

काकांसाठी जिम कॉर्बेट, नरभक्षक वाघांच्या शिकारीच्या गोष्टी लिहिणारा शिकारी. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारल्याची नोंद आहे, १९०७मध्ये कॉर्बेटने तिला मारलं आणि बघितलं तर जुन्या गोळीने तिचे उजवीकडचे सुळे तुटलेले, म्हणजे नेहमीची शिकार जमेना म्हणून माणसं. ती जुनी गोळी कोणाची होती, हे काकांना विचारा!

प्रकाश आमटेंचं ‘रानमित्र’ मुलाला नक्की आवडेल, हेमलकशाला त्यांनी सांभाळलेल्या प्राण्यांच्या गोष्टी आहेत. फक्त एक सांगून ठेवा, ती अनाथ पिल्लं होती, येऊरच्या बिबट्याला कोणी कुरवाळायला जायचं नाही.

आणि ‘लांब नेऊन सोडा’ म्हणणाऱ्यांसाठी पुस्तक नाही, एक खरी गोष्ट आहे. २००९मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या टीमने त्याचं नाव ठेवलं आजोबा. तर हे आजोबा हायवे, रेल्वे, खाडी असं सगळं पार करत थेट आपल्या संजय गांधी नॅशनल पार्कात आले, साधारण १२० किलोमीटर, वाटेत कोणालाही धक्का न लावता.

विकत घ्यायची घाई करू नका, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे, आधी तिथे चक्कर मारा. आणि मुलाला म्हणावं, खोलीतला लाईट बंद करून बस, नाहीतर तुझ्याआधी तोच तुला बघून जाईल.