कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं कोंबड्यामुळे जातात का? त्यावर उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की मळ्यात 7 गावठी कोंबड्या आणि 2 कोंबडे आहेत, त्यातल्या 3 कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्यात, आणि हा रोग तर नाही ना अशी धास्ती आहे. कोंबड्याच्या नख्यांपासून पाठ वाचवायला वरून कापड घालावं का, हेही विचारलंय. आमचा मळा नाशिकजवळच्या गिरणारेच्या बाजूला, द्राक्षं आणि टोमॅटोचा. कोंबड्या घरच्यापुरत्याच. हे दुखणं मी दोन वर्षं काढलंय म्हणून सांगतो.

आधी उजाडलेली जागा नीट बघा. कोंबडा चढतो तेव्हा चोचीनं मानेमागची पिसं धरतो आणि तोल सांभाळायला पाठीवर पाय रोवतो. म्हणून मानेची मागची बाजू, पाठ आणि पंखांची मुळं एवढंच उघडं पडलं असेल, तर आरोपी तोच. पोटाखाली आणि शेपटीखाली पिसं विरळ झाली असतील, पिसांच्या मुळाशी पांढरट गुठळ्या दिसत असतील, तर त्या उवांच्या लिखा. पावसाळा सरून दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या आपणहूनही पिसं गाळतात, पण ती सगळ्या अंगाची जातात आणि अंडी कमी होतात. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यातल्या बसायच्या दांड्याच्या फटीही तपासा. बारीक लाल किडे दिवसा तिथं दडून बसतात.

तुमच्या बाबतीत मला खरी अडचण हिशेबाची वाटते. 8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तुमच्याकडे 7 मध्ये 2. त्यात सगळ्यांना सारखा त्रास होत नाही, कारण कोंबड्याच्या ठरलेल्या लाडक्या असतात. शांत बसून राहणारी, पळ न काढणारी कोंबडी बिचारी रोज सापडते. आमच्याकडे एक तांबडी होती, तिची पाठ हिवाळाभर सोललेल्या बटाट्यासारखी. बाकीच्या मस्त गुबगुबीत.

तेव्हा पहिलं काम, एक कोंबडा कमी करा. आमचा दुसरा आखाडात कुठं गेला ते विचारू नका. नुसती खायला अंडी हवी असतील तर उरलेलाही लागत नाही, कोंबडी त्याच्याशिवाय अंडी देतेच. पिल्लं हवी असतील तरी तो दिवसरात्र कळपात कशाला? एकदा संबंध आला की कोंबडीच्या पोटात बीज दोनेक आठवडे टिकतं. कोंबडा वेगळ्या जाळीत ठेवा आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सोडा, अंडी फळतात. सकाळी तो आरवून गल्ली डोक्यावर घेईल, तेवढं सहन करा.

दुसरं, त्याच्या नख्या. अंधार पडल्यावर दांड्यावरून अलगद उचलला तर तो दंगा करत नाही. नख्यांची आणि पायामागच्या काट्याची फक्त टोकं कानशीनं घासून बोथट करा. आत रक्त असतं, म्हणून खोल जायचं नाही. थोडं रक्त आलंच तर हळद दाबून धरा.

आता पाठीवरच्या कापडाबद्दल, कारण तुम्हाला खरं तेच विचारायचं होतं. जुन्या जीन्सचा तुकडा मानेच्या मुळापासून शेपटीच्या अलीकडपर्यंत येईल एवढा कापायचा, दोन बाजूंना इलास्टिकचे फासे शिवायचे आणि त्यातून पंख काढायचे. पहिलं मी शिवलं. इलास्टिक घट्ट झालं, तांबडी तासभर उलटी चालत राहिली आणि चार दिवसांत पंखाखाली सोललं. पुढची बायकोनं शिवली, फाशात बोट सहज सरकेल एवढी ढिली. दोन दिवस कोंबडी रुसते, मग विसरते. कापड भिजलं की काढायचं, एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी तर ठेवायचंच नाही, आणि आठवड्याला काढून खाली उवा बघायच्या.

पण कापड कधी घालायचं हे जास्त महत्त्वाचं. पीस मुळासकट निघालं असेल तर काही आठवड्यांत नवं कोंब फुटतं. मधेच तुटून देठ आत राहिला असेल तर पुढच्या पिसं गाळण्यापर्यंत थांबावं लागतं. नव्या कोंबात रक्त असतं. कोंबड्यानं तो तुडवला की रक्त येतं आणि मग बाकीच्या कोंबड्याच त्या लाल ठिपक्यावर टोचत बसतात. कोंबडा गुन्हेगार असला तरी जखम मोठी होते ती मैत्रिणींमुळे. म्हणून कोंब दिसायला लागले की कापड घाला. उघडी जखम असेल तर कापड नको, तिला थेट डालग्याखाली वेगळी ठेवा, खोबरेल तेलात हळद लावा आणि माशा बसू देऊ नका. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. तसं झालं तर सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच. नुसत्या बाजरी-तांदळावर ते भरून येत नाही. शेंगदाण्याची पेंड, थोडी सुकट, नाहीतर अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्या. एका कोपऱ्यात चुलीची कोरडी राख आणि माती ठेवा, त्यात लोळून त्या उवांचा बंदोबस्त बराचसा स्वतःच करतात.

दोनपैकी कुठला कोंबडा ठेवायचा ते दाणे टाकून ठरवा. जो स्वतः न खाता कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो, तो ठेवा. आमचा गेलेला नुसता पाठीमागून झडप घालायचा.