डिजिटल अल्बमसाठी झेंडूचं तोरण, महिन्यांच्या चिठ्ठ्या, नावांची लेबलं आपोआप कशी बनवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या पहिल्या वर्षाचा 12 बाय 12 इंचांचा डिजिटल अल्बम करताय. त्यात झेंडूचं तोरण, 'पहिला महिना' ते 'बारावा महिना' अशा चिठ्ठ्या आणि बारशाला आलेल्या शंभरेक पाहुण्यांच्या नावांची लेबलं हवीत. हाताने एकेक काढायला वेळ नाही. एआयकडून काढून घेतलेली फुलं छापली तर कडेला पांढरी किनार दिसते.

तोरण आणि चिठ्ठ्या इंकस्केप या रेषा-आकार काढायच्या प्रोग्रॅममध्ये करा. ते फुकट आहे. नावांसाठी फोटोशॉप लागेल.

आधी माप. अल्बमच्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे पान 3600 बाय 3600. इंकस्केप मात्र एक्सपोर्ट करताना आपणहून 96 धरतं. दोन बाय तीन इंचांची चिठ्ठी त्यामुळे 600 बाय 900 ऐवजी 192 बाय 288 ची निघते. स्क्रीनवर छान दिसते आणि कागदावर धूसर येते. एक्सपोर्टच्या खिडकीत डीपीआय (इंचामागचे पिक्सेल) 300 आहे ना, हे दर वेळी बघा.

आता झेंडू. एकच पाकळी काढायची, साधारण पाऊण इंच लांब, बाहेरच्या टोकाला थोडी दातेरी. तिच्यावर एकदा क्लिक करून, जरा थांबून पुन्हा क्लिक केलं की मधोमध अधिकचं छोटं चिन्ह दिसतं. ते ओढून पाकळीच्या देठाकडच्या टोकावर आणा, कारण पाकळ्या त्याच बिंदूभोवती फिरणार आहेत. मग मेनूतून एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. क्लोन म्हणजे मूळ आकाराशी जोडलेली प्रत. ओळ 1, स्तंभ 16. शिफ्टच्या टॅबमध्ये एक्सला दर स्तंभामागे उणे 100 टक्के, म्हणजे पाकळ्या बाजूला न सरकता जागच्या जागी राहतील. रोटेशनमध्ये दर स्तंभामागे 22.5 अंश. क्रिएट दाबलं की बाहेरचं कडं तयार. आतली दोन कडी जरा लहान पाकळीची: 12 पाकळ्या 30 अंशांनी, 8 पाकळ्या 45 अंशांनी. तिन्हींचा मध्य अलाइनने जुळवा.

असं फूल फार नेटकं, रबरी शिक्क्यासारखं दिसतं. म्हणून रोटेशनला 2-3 टक्के आणि स्केलला 8 टक्के रँडमाइझ (आपोआप कमीजास्त फरक) द्या. त्याहून जास्त दिलं तर पाकळ्या विस्कटतात. रंगातही थोडा फरक हवा, आणि नेमकं इथे बहुतेकांचं अडतं: कलरच्या टॅबमध्ये काहीही भरा, पाकळ्या ढिम्म हलत नाहीत. कारण क्लोन स्वतःचा रंग तेव्हाच घेतो, जेव्हा मूळ पाकळीला रंगच नसतो. फिल अँड स्ट्रोकमध्ये प्रश्नचिन्हाचं बटण आहे, ते दाबून मूळ पाकळीचा फिल (आतला रंग) अनसेट करा. ती काळी पडेल, घाबरू नका. मग सुरुवातीचा रंग केशरी निवडून ह्यूला (रंगछटेला) 2 आणि लाइटनेसला (उजळपणाला) 5-6 टक्के रँडमाइझ द्या.

शेवटी सगळं निवडून अनलिंक क्लोन करा, म्हणजे प्रती मूळ पाकळीपासून सुट्या होतील, आणि मूळ पाकळी काढून टाका. पहिला क्लोन बरोब्बर तिच्यावरच बसलेला असतो. ती तशीच ठेवली तर एक पाकळी दुहेरी राहते, आणि रंग अर्धपारदर्शक असेल तर गडद दिसते.

तोरणासाठी केशरी फूल, पिवळं फूल आणि आंब्याचं पान असे तीन तुकडे लागतील. तिन्ही शेजारी शेजारी न ठेवता मध्याशी मध्य जुळवून एकमेकांवर ठेवा आणि ग्रुप करा. पेनने मध्ये झोळ असलेली एक रेघ काढा. थरांच्या क्रमात ग्रुप रेघेच्या वर असला पाहिजे, नाहीतर कोणता नमुना आणि कोणती दोरी याची प्रोग्रॅमकडून उलटापालट होते. दोन्ही निवडून एक्स्टेन्शन्स, जनरेट फ्रॉम पाथ, स्कॅटर. ग्रुपमधले तुकडे 'क्रमाने' निवड म्हणून सांगा, आणि रेघेच्या दिशेने वळायची खूण काढून टाका. पानं सरळ खाली लोंबली तरच ते तोरण. दोन तुकड्यांमधलं अंतर सगळ्या ग्रुपच्या रुंदीवरून ठरतं. म्हणून एकमेकांवर ठेवायला सांगितलं, नाहीतर फुलाफुलांत हातभर फट पडते. दाट गुंफण हवी असेल तर अंतर उणे टाका.

महिन्यांच्या चिठ्ठ्या बाराच आहेत. त्या हातानेच टाइप करा, कोणतंही ऑटोमेशन लावायला त्याहून जास्त वेळ जाईल. इंकस्केप 1.2 किंवा पुढचं असेल तर एकाच फाइलमध्ये बारा पानं करून बॅच एक्सपोर्टने सगळ्या पीएनजी एका झटक्यात निघतात. चिठ्ठीचा आकार मात्र क्लोन ठेवा. उद्या कोपरे गोल करावेसे वाटले तर मूळ एक बदलायचा, बाकी अकरा आपोआप बदलतील.

मराठी अक्षरांबद्दल: 'शाल्मली' हे नाव टाइप करून बघा. पुष्कळ देवनागरी फाँट हिंदी वळणाचे श आणि ल दाखवतात. टिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये आपल्या वळणाचे मिळतात आणि तो मोफत आहे. फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर आधी ऑब्जेक्ट टू पाथ करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात. एक प्रत मात्र मजकुरासकट ठेवा, पाथ झालेल्या नावातलं शुद्धलेखन सुधारता येत नाही.

पाहुण्यांच्या नावांना फोटोशॉपमधलं व्हेरिएबल्स कामाचं आहे. टेक्स्टच्या लेयरला व्हेरिएबल जोडायचं, नावांच्या यादीची सीएसव्ही फाइल डेटा सेट म्हणून आत घ्यायची आणि एक्स्पोर्टमधून डेटा सेट्स अ‍ॅज फाइल्स. फाइली पीएसडी निघतात. पीएनजीसाठी एक अ‍ॅक्शन (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या) करून ती बॅचने सगळ्या फाइलींवर चालवावी लागते. यात तीन गोष्टी बिघडतात. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. यूटीएफ-8 चा पर्याय घ्या किंवा गुगल शीट्समधून उतरवा. जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी भलत्या जागी जात असेल तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. आणि नाव लांब असलं तरी अक्षर आपोआप लहान होत नाही. लेबल 'उमा' घालून आखू नका, यादीतलं सगळ्यात लांब नाव घालून आखा.

आता पांढरी किनार. एआयने फूल पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेलं असतं. कडेच्या पिक्सेलांत फुलाचा रंग आणि पांढरा मिसळलेला असतो, आणि पार्श्वभूमी पुसली तरी ते मिश्रण तिथेच राहतं. फोटोशॉपमध्ये लेयर, मॅटिंग, डीफ्रिंज 1 किंवा 2 पिक्सेलांनी द्या. कधीकधी एआय पारदर्शक म्हणून राखाडी-पांढरे चौकोनच रंगवून देतं, ती फाइल सरळ फेकून द्या. शिवाय 1024 पिक्सेलांचं चित्र 300 ने जेमतेम 3.4 इंच छापतं, पानभर तोरणाला ते पुरत नाही. इंकस्केपमधून निघालेल्या पीएनजीला मुळात पार्श्वभूमीच नसते, त्यामुळे किनारही येत नाही.

सावली तुकड्याच्या चित्रातच पक्की करून ठेवू नका. तोरण डावीकडे आणि तीच फुलं उलटी फिरवून उजवीकडे लावली की एकाची सावली खाली आणि दुसऱ्याची वर पडते. पानावर सगळं लावून झालं की सावली एकाच कोनाने द्या: चिठ्ठीला 8 ते 10 पिक्सेल अंतर, मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा मोड), 40-50 टक्के गडदपणा. फुलांना थोडी जास्त, कारण ती कागदापासून उचललेली असतात.