माडाच्या खोडावर पांढरे डाग, झाड आजारी आहे का?

प्रश्न: आमच्या फोंड्याच्या कुळागरात पोफळी-माडांच्या खोडांवर पांढरट डाग पडलेत आणि फणसावर एकाच बाजूला हिरवं शेवाळ चढलंय. झाडाला रोग लागलाय का? खरवडून काढू?

उत्तर: अहो, राहू द्या तसंच! ते पांढरट डाग म्हणजे दगडफुलाच्या जातकुळीतलं लायकेन, बुरशी आणि शैवाल (अल्गी; तुमच्या फणसावरचं शेवाळ म्हणजे मॉस, ते वेगळं) मिळून बनलेलं. ते काय किंवा शेवाळ काय, झाडाचा रस पीत नाहीत, खोडावर नुसते बसतात. शेवाळाला खरी मुळंच नसतात, पाणी थेट अंगावर घेतं, म्हणून जिथं सावली आणि ओल टिकते तिथंच ते वाढतं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, त्यामुळे तिकडची बाजू जास्त भिजते, आणि खोड कललेलं असलं तर वरच्या अंगाने पाणी ओघळतं, तिथंही. शेवाळ झाडाच्या उत्तरेलाच असतं असं म्हणतात, ते विसरा. लायकेनला मात्र उजेड हवा, ऊन खाणाऱ्या माडावर ते मजेत पसरतं. पेरूची साल सोलून गळते ना, म्हणून तिथं दोघांचाही जम बसत नाही. खरवडलंत तर साल दुखावेल, तेवढंच. झावळ्या पिवळ्या पडत असतील तर कारण दुसरीकडे शोधा, आधी मुळांशी पाणी साचतंय का ते बघा.