उत्तर : नी-ऑलसुंडचे शास्त्रज्ञ तापमानवाढ फक्त मोजतात, की तिची झळ त्यांनाही बसते?

प्रश्नकर्त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ऑलसुंड या संशोधन-गावात भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ तापमानवाढीच्या केवळ नोंदी घेतात की तिची झळ त्यांच्या कामालाही बसते, हा पहिला प्रश्न, आणि त्या नोंदींवरून आपल्या मुंबईच्या पावसाबद्दल काही सांगता येते का, हा दुसरा. मी तिथे गेलेलो नाही, हे आधीच नमूद करतो. मात्र नोकरीची बरीच वर्षे मुंबईत हवामानाच्या उपकरणांची देखभाल करण्यात गेल्यामुळे पहिल्या प्रश्नाकडे मी उपकरणांच्या बाजूने पाहतो.

झळ बसते, आणि ती माणसांच्या आधी नोंदवहीला बसते.

गाव केवढे, तर हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसांचे आणि उन्हाळ्यात शंभराहून थोड्या अधिक. सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावर, कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीच्या दक्षिण काठावर ते वसले आहे. मुळात ही कोळशाच्या खाणीची वसाहत. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीतील स्फोटात २१ कामगार दगावले, पुढच्या वर्षी खाणकाम थांबले आणि रिकाम्या झालेल्या घरांत हळूहळू संशोधक राहू लागले. ज्या गावाने कोळसा उपसला, तिथेच आज हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. त्या यंत्रांना वीज मात्र आजवर डिझेलवरच्या जनित्रांनीच पुरवली आहे.

ही घरे कायम गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे पर्माफ्रॉस्टवर, उभी आहेत. तिचा वरचा थर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठतो, हे पूर्वापार चालत आले आहे. परंतु आता वितळण्याची खोली वाढू लागल्याने जमीन खचते आणि इमारतींचे पाये दुरुस्त करावे लागतात. इमारतीला टेकू देऊन भागते. उपकरण मात्र वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच उंचीवर आणि समपातळीत असेल, तरच त्याच्या जुन्या-नव्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात. सूर्यप्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजणारे यंत्र किंचित कलले, तरी ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगत राहत असल्यामुळे त्या लहानशा कलाने नोंदीत मोठी चूक शिरते. मग आकड्यांत दिसणारा बदल हवेचा की खचलेल्या जमिनीचा, हे वेगळे करण्यातच संशोधकाचे दिवस जातात. गावाजवळच्या बायेल्वा येथे १९९८ पासून जमिनीच्या पोटातील तापमान मोजले जाते. तिथे तर जी जमीन हलते आहे, तीच मोजायची आहे.

हे दुखणे आपल्याला परके नाही. उपनगरातील एका पर्जन्यमापकाशेजारी सात मजली इमारत उभी राहिली आणि त्यानंतर तिथला पाऊस कागदावर कमी दिसू लागला, हे मी स्वतः अनुभवले आहे. जुना पर्जन्यमापक हलवण्याआधी नव्या जागी दुसरा बसवून दोन्हींच्या नोंदी एक पूर्ण पावसाळाभर घ्याव्यात, असा माझा आग्रह होता. तो मानला गेला नाही, आणि त्या ठिकाणची जुनी मालिका तिथेच तुटली. याउलट कुलाब्याचे उदाहरण पाहावे. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे दिसू लागल्यावर वेधशाळेने हे काम अलिबागला नेले, पण तत्पूर्वी १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्या दोन वर्षांमुळेच कुलाब्याची मालिका अलिबागेत अखंड पुढे चालू राहिली. नी-ऑलसुंडमध्येही रेडिओ दुर्बिणींना अडथळा नको म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, हे वाचताना मला दर वेळी ती ट्राम आठवते.

मात्र जिथे बर्फच राहिला नाही, तिथे जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवणार कशी? कोंग्सफ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात बरीच गोठत असे आणि संशोधक बर्फावरून जाऊन, भोके पाडून पाण्याचे नमुने घेत. २००६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचे उबदार पाणी खाडीत शिरले, आणि तेव्हापासून बर्फ बहुधा आतल्या टोकापुरताच धरतो. आता नौका आणि पाण्यात नांगरून ठेवलेली उपकरणे वापरावी लागतात. भारताने २०१४ मध्ये याच खाडीत सुमारे १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी ठेवली. पक्षी मोजणाऱ्यांची अडचण आणखी चमत्कारिक आहे. समुद्री बर्फावर सीलची शिकार करणारी ध्रुवीय अस्वले बर्फाअभावी किनाऱ्यावर येऊन बदकांची आणि हंसकांची अंडी खातात, त्यामुळे पिलांची संख्या घटली तर ती हवामानाने की अस्वलाने, हा नवाच गुंता होऊन बसतो. गावाबाहेर जाणाऱ्याने बंदूक सोबत घ्यायची असते, ती याच अस्वलांमुळे.

पावसाचे एकच उदाहरण देतो. ३० जानेवारी २०१२ रोजी, ऐन ध्रुवीय रात्रीत, नी-ऑलसुंडला एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथे वर्षभरात जेवढा पाऊस आणि बर्फ पडतो त्याचा हा साधारण चौथा भाग आहे. असा पाऊस बर्फावर पडून गोठला की जमिनीवर काचेसारखा थर बसतो, आणि रेनडिअरना खालच्या वनस्पतींपर्यंत पोहोचता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. आर्क्टिकचा बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांच्या संबंधांचा अभ्यास होत आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या हिवाळी मोहिमेत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. परंतु दादरचा सखल हिंदमाता परिसर एखाद्या दिवशी तुंबला याचे कारण हिमाद्रीच्या आकड्यांत शोधू नये. त्यासाठी भरतीचे वेळापत्रक आणि आपले नाले आधी पाहावेत.