कॅरॅव्हॅनच्या टपाला तडा गेलाय, स्वस्तात काय करू?

प्रश्न : जुन्या व्हॅनची कॅरॅव्हॅन केलीय, टप फायबरचा आहे. वरच्या खिडकीच्या कोपऱ्यातनं वीतभर तडा गेला, पुटी भरली, पण गगनबावड्याला एक फेरी मारली आणि परत गळायला लागलं. – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दादा, गाडी हादरली की टप लवतो, वाळलेली पुटी लवत नाही, मग फट शेजारनं उघडणारच. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे तो पुढं सरकत नाही, हेच सगळे विसरतात. मग पुटी खरवडा, आजूबाजूला ३-४ इंच ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, अॅसिटोननं पुसा आणि फायबर मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) दोन-तीन थर पॉलिस्टर रेझिननं बसवा, ब्रशनं दाबून बुडबुडे काढत. १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) १-२ मिली, बास. दुकानदारानं कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रावण) वेगळा दिला तर तो आधी रेझिनमध्ये ढवळा, हार्डनरमध्ये थेट ओतलात तर भडका उडतो, चेष्टा नाही. वरनं पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारा, नुसतं रेझिन उन्हानं खराब होतं.

आणि हे पावसाळ्याआधी उरका हं, ओलाव्यात रेझिन धरत नाही. टपावर चढताना फळी टाका, नाहीतर दुसरा तडा तुमच्या गुडघ्याखाली.