“घरात आजारपण, आणि मी हलव्याचे दागिने करत बसते”

हे वाक्य माझ्यासमोर बसून आजवर किती जणींनी म्हटलं असेल! हलव्याच्या जागी कुणाचं भरतकाम असतं, कुणाची रांगोळी, कुणाचा गाण्याचा क्लास. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला: “माझं चुकतंय का हो, मॅडम?” या प्रश्नाकडे नीट बघायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आपण त्यांना ताई म्हणू.

ताई डोंबिवलीच्या, वय ५४. सासूबाई ८१ वर्षांच्या. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश, जोडीला मधुमेह. मिस्टर सकाळी पावणेआठच्या लोकलने जातात ते रात्री आठला घरी. मुलगी बंगळुरूला, नणंद बोरिवलीला.

पहिल्या भेटीत ताई झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. दागिन्यांचा विषयही निघाला नव्हता. पण बोलता बोलता त्यांची बोटं पदराच्या निघालेल्या दोऱ्याला एकापुढे एक गाठी मारत होती, सारख्या अंतरावर, न बघता. मी विचारलं, तेव्हा त्यांनी हात मांडीखाली दडपले. “सवय आहे. हलव्याची गाठ आहे ही.”

हलव्याच्या दाण्यात सुई घातली तर तो फुटतो. म्हणून ताई दाणा ओवत नाहीत, दोऱ्याच्या फासात धरून गाठ आवळतात. सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त आवळली तर काटे झडतात. असे शेकडो दाणे जमले की एक हार होतो. मग मंगळसूत्र, झुबे, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा. काळ्या चंद्रकळेवर तो पांढराशुभ्र साज चढला की नव्या सुनेची पहिली संक्रांत साजरी होते. बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट, बासरी, वाळे वेगळे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच हे सगळं लागतं, त्यामुळे खरं काम डिसेंबरात.

हे त्यांना शिकवलं कुणी, तर याच सासूबाईंनी. ताईंच्या पहिल्या संक्रांतीला आईंनी स्वतः हलवा करून सगळा साज केला होता. पुढे त्या हाराला मुंग्या लागल्या, दोरा तेवढा उरला. त्या दोऱ्याच्या गाठी एकेक उलगडून बघत ताई शिकल्या आणि अडलं की आईंना विचारत गेल्या.

मग मागच्या डिसेंबरात व्हायचं ते झालं. तीन संचांच्या ऑर्डरी होत्या. दारावर सिलिंडरवाला आला म्हणून ताई उठल्या. परत येऊन बघतात तर आईंनी ताटातला निम्मा हार खाल्लेला, दोऱ्यासकट आणि डिंकासकट. रात्रभर उलट्या, साखर तीनशेच्या वर. दोन दिवसांनी आई सावरल्या. पण त्या रात्री मिस्टर म्हणाले, “घरात असं माणूस असताना तुला हे उद्योग सुचतात तरी कसे?” ताईंनी ऑर्डरीचे पैसे परत केले आणि डबा माळ्यावर टाकला.

आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांवर किती ताण आहे हे बघण्यासाठी आम्ही झरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरतो. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? ताईंचं उत्तर: जवळजवळ नेहमी, ४. आणि शेवटाकडे एक प्रश्न येतो, आपण त्यांच्यासाठी अजून काही करायला हवं असं वाटतं का? तिथेही ४. काळजी घेणारी बाई या दोन चौक्यांमध्ये कशी पिळून निघते, ते मी रोज बघते. तिला वेळ नसतो, आणि जो मिळतो तो चोरल्यासारखा वाटतो.

मी त्यांना आठवडाभर तासातासाची नोंद ठेवायला सांगितलं. वहीत दुपारचे दीड ते तीन मोकळे दिसले, कारण आई झोपतात. मी तिकडे बोट ठेवलं. ताई म्हणाल्या, “मॅडम, हात मोकळे असतात तेव्हा. कान नसतात.” पलंग करकरला की उठायचं, बाथरूमच्या कडीचा आवाज आला की धावायचं. त्या दीड तासाला मोकळा वेळ म्हणणं चूकच होतं, हे मला तिथेच कळलं.

यानंतर मी एक मोठी चूक केली. स्मृतिभ्रंशात नावं, तारखा, चेहरे पुसट होतात, पण हातात मुरलेली कामं बऱ्याचदा मागाहून जातात. तेव्हा आईंनाच हलवा आणि दोरा द्या, असं मी सुचवलं. दोघींचा वेळ छान जाईल, ताईंची बोचणीही कमी होईल. मला वाटलं, किती सुरेख तोडगा! दाणे साखरेचे नकोत म्हणून ताईंनी मोठे मणी घेतले. दहा मिनिटं आईंची बोटं चालली, गाठीही बरोबर पडल्या. मग त्या थांबल्या, दोऱ्याकडे बघत राहिल्या, ताट ढकलून दिलं आणि रडायला लागल्या. “हे कुणाचं आहे? माझं नाही हे. मला घरी जायचंय.” ताई पुढचे दोन आठवडे माझ्याकडे आल्या नाहीत.

आल्या तेव्हा म्हणाल्या, “मला वाटलं होतं, निदान हे तरी त्यांना आठवेल.” आणि पहिल्यांदा रडल्या.

समोर बसलेलं माणूस असून नसणं, या दुःखाला पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी संदिग्ध वियोग असं नाव दिलं आहे. माणूस गेलं की चार लोक भेटायला येतात, रडायची मुभा असते. इथे मात्र ज्यांनी गाठ शिकवली त्या आई हळूहळू निघून चालल्या होत्या आणि ताई त्यांना जेवण भरवत होत्या. जुन्या आईंशी त्यांचं जे नातं होतं, ते आता त्या हाराच्या गाठींमध्येच काय ते उरलं होतं. मी मात्र त्यांचा विरंगुळा उचलून आईंच्या उपचाराला जुंपला होता. शेजारणी ‘यातून चार पैसे कमव’ म्हणत होत्या, तोही तसलाच प्रकार. ताईंचं काम कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडल्याशिवाय त्यांना करू द्यायला कुणी तयार नव्हतं, मीसुद्धा नाही. मी त्यांची माफी मागितली.

पुढच्या भेटीला मी मिस्टरांना बोलावलं. ते रागीट असतील अशी माझी समजूत होती. निघाले घाबरलेले. आईला बाथरूमला कसं न्यायचं, ती ‘घरी जायचंय’ म्हणाली की काय बोलायचं, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. “ती मला बाबा समजते. मला ते सहन होत नाही,” एवढं बोलून ते गप्प झाले. सुटीच्या दिवशीही ते कामं काढून बाहेर का जात होते, ते ताईंना त्या दिवशी कळलं.

मग आम्ही बसून शिकलो. स्मृतिभ्रंशात दिवस कलला की बऱ्याच जणांची घालमेल वाढते. अंधारायच्या आधीच दिवे लावायचे, टीव्ही बंद ठेवायचा. ‘हेच तुझं घर’ म्हणून वाद घालायचा नाही. ‘चल, जाऊ’ म्हणायचं, चपला घालायच्या आणि जिन्यापर्यंत फिरवून आणायचं. आणि चिडचिड एका-दोन दिवसांत एकदम वाढली तर आजार बळावला असं परस्पर ठरवायचं नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठे दुखणं अशीही कारणं असतात, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवायचं.

शनिवारी दुपारी तीन ते सहा आई मिस्टरांच्या ताब्यात. महिन्यातला एक रविवार नणंदेचा. नणंद आधी कुरकुरली, पण मिस्टरांनी स्वतः फोन केल्यावर आली, आणि ताईंच्या फोनने ती कधी आली नसती असं माझं स्पष्ट मत आहे. ‘वेळ मिळाला तर करीन’ यावर माझा विश्वास उरलेला नाही. त्या वेळेला आजारी माणसापाशी कोण बसणार, त्याचं नाव ठरलं पाहिजे. ज्यांच्या घरात दुसरं माणूसच नाही, त्यांनी आठवड्यातून चार तास पगारी बाई ठेवण्याचा खर्च औषधांच्या खर्चातच धरावा, असं मी सांगते. तेही परवडत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर विचारून बघावं. आणि स्वतःचाच धीर सुटत असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

हलव्याचा डबा घरात ठेवायचा नाही, हे ताईंनीच ठरवलं. तो आता खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे असतो, कात्री, डिंक, जिलेटीन कागदासकट. हलवा घरी करणं त्यांनी सोडलं. मंद आचेवर तासन्‌तास पाक चढवत बसायचं, मध्येच उठता येत नाही. हलवा तयार आणतात, फक्त गुंफतात. यंदा एकच संच घेतला, आगाऊ पैसे न घेता. बाकीचं स्वतःसाठी.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आई आता ताईंनाही ओळखत नाहीत. एका शनिवारी मिस्टरांनी तासाभरातच फोन करून ताईंना वर बोलावून घेतलं होतं.

डिसेंबरात एका शनिवारी साडेपाचला ताईंचा मला फोन आला. शेजारणीच्या खोलीतून बोलत होत्या, आवाज दबलेला. “मॅडम, वर आईंचं सुरू झालंय. ऐकू येतंय मला.” मी काही बोलले नाही. त्या फोन न ठेवता बसून राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “दार उघडलं ह्यांनी. जिन्यात आलेत दोघं.” मग बराच वेळ काही नाही, फक्त ताटात दाणे चाळवल्याचा आवाज. “ठेवते,” त्या म्हणाल्या, “हाराचं पदक राहिलंय अजून.”